कौलाखालची खोली : गैरसमज आणि वस्तुस्थिती

जुन्या कौलारू घराच्या माळ्यावर मुलांसाठी किंवा पाहुण्यांसाठी खोली काढायची, हा बेत आज कोकणात आणि गोव्यात अनेक घरांत शिजतो आहे. बेताची सुरुवात बहुधा रंग, पलंग आणि पडदे यांपासून होते आणि छपराचा विचार शेवटी येतो. खरा क्रम उलटा आहे. भार, हवा आणि पाणी यांचा बंदोबस्त आधी झाला, तर घरातली सगळ्यात आवडती खोली हीच ठरते. तो झाला नाही, तर दोन वर्षांत तिथे पुन्हा अडगळ साठते. ज्या समजुतींमुळे हे घडतं, त्या एकेक तपासून पाहू.

गैरसमज : माळ्यावर भाताची पोती राहत होती, म्हणजे माणसंही राहतील.

वस्तुस्थिती : पोती एका जागी पडून असतात आणि त्यांचा भार पसरलेला असतो. माणसं चालतात, मुलं उड्या मारतात आणि कपड्यांनी भरलेलं लोखंडी कपाट आपलं सगळं वजन चार पायांवर टाकतं. राहत्या खोलीच्या जमिनीनं दर चौरस मीटरला सुमारे २०० किलो भार पेलावा, असं आयएस ८७५ हे भारतीय मानक धरतं. जुना कडीपाट, म्हणजे तुळयांवरची फळ्यांची जमीन, तेवढा भार घेईल की नाही, हे तुळयांची जाडी, त्यांच्यामधलं अंतर आणि लाकडाची प्रकृती यांवर ठरतं. तुळईची भिंतीत शिरलेली टोकं आवर्जून तपासा. ओल आणि वाळवी बहुधा तिथूनच सुरू होते. पेचकस टोचल्यावर सहज आत गेला, तर सुताराआधी स्थापत्य अभियंत्याला बोलवा.

गैरसमज : खालून पांढरा रंग दिला किंवा फॉल्स सीलिंग ठोकलं, की उकाडा गेला.

वस्तुस्थिती : दुपारी सूर्य डोक्यावर असतो, तेव्हा भिंतींना त्याचे किरण तिरके लागतात आणि छपराला थेट. तापलेली कौलं मग खालच्या दिशेनं उष्णता फेकत राहतात. आतल्या पांढऱ्या रंगानं उजेड वाढतो, पण ही उष्णता थांबत नाही. ती थांबवायला मध्ये हवेचा वाहता थर लागतो. वाशांच्या खालच्या अंगाला फळ्या किंवा बांबूच्या चटया लावा. त्या आणि कौलं यांच्यामधली पोकळी वळचणीपाशी आणि आढ्यापाशी उघडी ठेवा. गरम हवा आढ्याकडून निघून जाते आणि खालून ताजी हवा आत येते. दोन्ही तोंडांना बारीक जाळी बसवली, की उंदीर आणि वटवाघळं आत शिरत नाहीत. अॅल्युमिनियमचा चकचकीत पत्रा कौलांच्या खाली लावायचा असेल, तर त्याची चकचकीत बाजू खाली, पोकळीकडे करा. वर केलेल्या बाजूवर धूळ साचते आणि पत्र्याचा गुण कमी होतो.

थर्माकोलचं छत मात्र टाळा. ते पेट घेतं आणि जळताना दाट काळा धूर सोडतं. जुन्या घरातल्या उघड्या वायरींजवळ तर ते नकोच.

गैरसमज : कडेला छत खाली येतं, म्हणजे तेवढी जागा वाया गेली.

वस्तुस्थिती : वाया जाते ती चुकीच्या कामाला लावलेली जागा. राष्ट्रीय इमारत संहितेनुसार उतरत्या छपराच्या राहत्या खोलीची सरासरी उंची किमान २.७५ मीटर, म्हणजे साधारण नऊ फूट हवी. म्हणून आधी मोजमाप घ्या. उतार ३० अंशांचा असेल, तर आत येताना दर फुटाला छत सुमारे सात इंच उंचावतं. कडेची भिंत साडेतीन फूट असेल, तर पाच फूट आत आल्यावर जवळपास साडेसहा फूट उंची मिळते आणि माणूस ताठ उभा राहतो. त्याआधीची जागा बसण्या-झोपण्याची आणि सामान ठेवण्याची.

पलंगाचं उशाकडचं टोक थेट कडेच्या भिंतीला लावलं, तर उठून बसताना डोकं आपटेल. गादी दीड फूट उंचीवर असली, तर बसलेल्या माणसासाठी तिच्यावर तीनेक फूट मोकळे लागतात. म्हणून पलंग भिंतीपासून दोन फूट पुढे घ्या आणि मधल्या जागेत चाकांचे बुटके खण करा. पांघरुणं, पुस्तकं, खेळणी सगळं तिथे मावतं. उंच कपाट चांदईला, म्हणजे टोकाच्या त्रिकोणी भिंतीला, आढ्याखाली उभं करा. कोणतंही सामान उताराला टेकवू नका. पावसाळ्यात मागे हवा खेळली नाही, तर गादीला आणि लाकडाला बुरशी धरते.

गैरसमज : काचेची कौलं जितकी जास्त, तितकं बरं.

वस्तुस्थिती : १८६५ साली बासेल मिशन या मिशनरी संस्थेनं मंगळूरला कौलांचा कारखाना सुरू केला. पुढे एकसारख्या मापाची, एकमेकांत अडकणारी ही मंगलोरी कौलं किनारपट्टीभर पोचली. त्याच मापाचं काचेचं कौल ओळीत कुठेही बसतं, म्हणून ते बसवायचा मोह होतो. पण रत्नागिरीच्या अक्षांशावर मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात भर दुपारचा सूर्य बरोबर डोक्यावर येतो, आणि पुढचे काही आठवडे तो किंचित उत्तरेकडे असतो. छपराच्या उत्तरेकडच्या पाख्यावरही तेव्हा ऊन असतंच. त्यामुळे एक-दोन कौलं पुरेत. पूर्व-पश्चिम पाखी असतील, तर ती पूर्वेच्या पाख्यात बसवा. खरा उजेड आणि वारा चांदईतल्या खिडक्यांतून घ्या. दोन्ही चांदयांना समोरासमोर खिडक्या असल्या, तर वारा खोलीभर फिरतो.

गैरसमज : पंखा मधोमध टांगला, की काम झालं.

वस्तुस्थिती : नेहमीचा पंखा चार फूट व्यासाचा असतो. ३० अंशांच्या उतारात त्याच्या पात्याच्या टोकापाशी छत आढ्यापेक्षा जवळपास सव्वा फुटानं खाली असतं. म्हणून दांडी लांब हवी आणि कडी तुळईत पक्की हवी. तरीही पातं जमिनीपासून आठ फुटांवर राहत नसेल, तर भिंतीवरचा पंखा घ्या.

गैरसमज : उतार लपवायला भिंत आणि छत वेगळ्या रंगांचे हवेत.

वस्तुस्थिती : रंग बदलतो, तिथे डोळ्याला रेघ दिसते आणि छत आणखी बुटकं वाटतं. भिंत आणि उतार एकाच फिक्या रंगात रंगवले, तर ती रेघ पुसली जाते. लाकूड चांगलं असेल, तर छपराच्या तुळया उघड्याच ठेवा. त्या झाकण्यात शोभाही नाही आणि शहाणपणही नाही, कारण कुजकं लाकूड दिसलं तरच बदलता येतं.

म्हणून घाई करू नका. उन्हाळ्यात कौलं चाळून घ्या, फुटकी बदला आणि आतलं अस्तर लावण्याआधी एक पूर्ण पावसाळा जाऊ द्या. जोराची सर आली, की माळ्यावर जाऊन गळती शोधा आणि त्या जागी वाशावर खडूनं खूण करा. पाऊस सरल्यावर प्रत्येक खूण दुरुस्त करून घ्या. सुताराला आणि रंगाऱ्याला त्यानंतर बोलवा.