माजी सैनिक आणि मानसिक आरोग्यसेवा : मदत नेमकी कशासाठी हवी?

आपल्या रुग्णालयाच्या प्रवेशद्वाराशी व अतिदक्षता विभागाबाहेर जे सुरक्षारक्षक उभे असतात, त्यांपैकी काही जण माजी सैनिक आहेत, हे येथे नेहमी येणाऱ्या नातेवाइकांना ठाऊक असेलच. घरातील माणूस दगावल्यावर आप्तांचा शोक अनावर होतो. कधी त्याचे रूपांतर संतापात होते. अशा वेळी त्यांना बाजूला नेऊन बसविणे, पाणी देणे, त्यांचे शांतपणे ऐकून घेणे हे काम यांतील एक निवृत्त हवालदार कुणी न सांगता करीत आले आहेत. एके दिवशी त्यांनी कार्यालयात येऊन विचारले, "साहेब, हेच काम रीतसर शिकायचे असेल तर काय करावे लागेल?" त्यांना उत्तर देण्यासाठी जी माहिती गोळा केली, तीच आपल्यासमोर सविनय ठेवीत आहे.

गरज कोणती?

बेंगळुरूच्या निम्हान्स संस्थेने २०१५-१६ मध्ये केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणानुसार देशातील १०.६ टक्के प्रौढांना त्या वेळी कोणता ना कोणता मानसिक विकार होता. विकारांच्या प्रकारांनुसार ७० ते ९२ टक्के रुग्णांपर्यंत उपचार पोहोचलेच नव्हते. कळव्याच्या दृष्टीने पाहिल्यास खाडीपलीकडे १९०१ मध्ये स्थापन झालेले ठाण्याचे प्रादेशिक मनोरुग्णालय आहे, ठाण्यातच डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० मध्ये इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ ही संस्था सुरू केली. संस्था जवळ असल्या तरी प्रशिक्षित माणसे पुरेशी असल्याखेरीज सेवा घराघरापर्यंत जात नाही.

दुसरीकडे, आपल्या सैन्यदलांतून दरवर्षी सुमारे ६० हजार जण निवृत्त होतात आणि त्यांतील बहुसंख्य ३५ ते ४५ या वयोगटातील असतात. कामाची उमेद शिल्लक असलेली, शिस्त अंगी बाणलेली ही माणसे आहेत. कुटुंबापासून दूर राहणे, सहकाऱ्याचा मृत्यू पाहणे, निवृत्तीनंतर नागरी जीवनात परके वाटणे हे त्यांनी स्वतः अनुभवलेले असते. अशा माणसाजवळ दुसरा सैनिक लवकर मोकळा होतो. अमेरिकेत १९७९ मध्ये सुरू झालेल्या माजी सैनिकांच्या समुपदेशन केंद्रांत अनेक कर्मचारी स्वतः माजी सैनिक असतात. आपल्याकडे १९८६ मध्ये पुण्यात सुरू झालेल्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रात व्यसनातून बाहेर पडलेलेच पुढे समुपदेशक झाले, हे सर्वश्रुत आहे. डिसेंबर २०२३ मध्ये पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात सैनिक व त्यांच्या कुटुंबीयांसाठी टेलि-मानस सेवेचा खास कक्ष सुरू झाला, त्यामागेही सैनिकांची अडचण समजणारी यंत्रणा हवी हाच विचार होता.

अर्थात, अनुभव म्हणजे पात्रता नव्हे. स्वतःची जखम ओली असताना दुसऱ्याच्या जखमेला हात लावणे दोघांनाही घातक ठरू शकते. म्हणूनच रीतसर शिक्षण व अनुभवी तज्ज्ञांच्या देखरेखीखालील सराव आवश्यक ठरतो.

शिक्षणाची वाट

मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ याने या क्षेत्रातील व्यावसायिकांची पात्रता ठरवून दिली आहे. उदाहरणार्थ, मनोविकार क्षेत्रातील सामाजिक कार्यकर्त्याकडे समाजकार्याची पदव्युत्तर पदवी व त्यानंतर दोन वर्षांचे पूर्णवेळ, देखरेखीखालील प्रशिक्षण असावे लागते. चिकित्सा मानसशास्त्रज्ञासाठी भारतीय पुनर्वास परिषदेची मान्यता असलेला अभ्यासक्रम लागतो. या अभ्यासक्रमांची नावे व रचना सध्या बदलत असल्याने प्रवेशापूर्वी मान्यतेची खात्री करून घेणे हिताचे आहे.

येथे दोन अडथळे येतात. पंधरा वर्षांच्या सेवेनंतर मॅट्रिक झालेल्या सैनिकाला पदवीशी समकक्ष मानणारे प्रमाणपत्र मिळते. परंतु त्याचा उपयोग 'क' गटातील सरकारी नोकरीपुरता आहे. पदव्युत्तर प्रवेशासाठी विद्यापीठाची पदवीच लागते. आमच्या हवालदारांची समजूत नेमकी येथेच चुकली होती. दुसरे असे की, विद्यापीठ अनुदान आयोगाने मानसशास्त्रासह आरोग्यसेवेशी संबंधित विषयांचे दूरस्थ व ऑनलाइन शिक्षण जुलै-ऑगस्ट २०२५ च्या सत्रापासून बंद करण्यास सांगितले. प्रात्यक्षिकाविना हा विषय शिकता येत नाही, हे खरेच. मात्र नोकरी सांभाळून घरी अभ्यास करणाऱ्यांची सोय त्यामुळे संपली.

हिशेब काय सांगतो?

मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. म्हणून हिशेब मांडून पाहिला. पदवीची तीन, पदव्युत्तर शिक्षणाची दोन आणि विशेष प्रशिक्षणाची दोन अशी किमान सात वर्षे लागतात. पुनर्वसन महासंचालनालय निवृत्तीच्या सुमारास सैनिकांना उपयुक्त अभ्यासक्रम उपलब्ध करून देते. पण त्यांची मुदत काही आठवड्यांची किंवा महिन्यांची असते. पंतप्रधान शिष्यवृत्ती योजना माजी सैनिकांच्या पाल्यांसाठी व विधवांसाठी आहे, स्वतः माजी सैनिकासाठी नाही. निवृत्तिवेतन शेवटच्या वेतनाच्या साधारण निम्मे. त्यातून घराचे भाडे, मुलांचे शिक्षण व गावाकडील आईवडिलांचा औषधपाणी भागत नाही, म्हणून बारा तासांची पाळी करावी लागते आणि बारा तासांची पाळी करणाऱ्याला दिवसा महाविद्यालयात बसता येत नाही.

फीसाठी एकरकमी देणगी देणारे सज्जन भेटतात आणि आम्ही त्यांचे ऋणी आहोत. परंतु वरील हिशेबातून दिसते ते असे की, विद्यार्थी फीपायी थांबत नाही. दरमहा घरी जाणारी रक्कम बंद झाली की थांबतो. हवालदारांनी हेच साध्या शब्दांत सांगितले : "पंधरा वर्षे फौजेत काढली, सात वर्षे बाकावर काढीन. फक्त महिन्याच्या महिन्याला घरी पैसे गेले पाहिजेत."

आमचा प्रस्ताव

या दृष्टीने प्रशासनाने विश्वस्त मंडळापुढे तीन गोष्टी ठेवल्या आहेत. पहिली, निवडलेल्या एका-दोघा माजी सैनिकांना शिक्षण पूर्ण होईपर्यंत दरमहा निर्वाहवेतन. दुसरी, महाविद्यालयाच्या वेळेनुसार रुग्णालयातील पाळी. तिसरी, स्वतःसाठी समुपदेशनाची गरज भासल्यास ती गोपनीय व विनामूल्य सोय. संख्या लहान ठेवण्याचे कारण एवढेच की, सात वर्षांचा शब्द दिला तर तो सातही वर्षे पाळता आला पाहिजे.

हवालदारांनी सकाळच्या सत्रातील महाविद्यालयात कला शाखेच्या पहिल्या वर्षाला प्रवेश घेतला असून त्यांची पाळी आता दुपारनंतरची केली आहे. पुढच्या सहा वर्षांची तरतूद अद्याप व्हायची आहे. देणगीदारांनी एकरकमी मदतीऐवजी, शक्य असल्यास, दरमहा ठरावीक रक्कम देण्याचा संकल्प करावा, अशी नम्र विनंती आहे. आपल्या परिचयातील एखाद्या माजी सैनिकाला ही वाट धरावीशी वाटत असेल, तर त्यांनी रुग्णालयाच्या कार्यालयात अवश्य यावे. माहिती देण्यास आम्ही तत्पर आहोत.