मीठ खाणारा टोमॅटो

'समुद्राच्या पाण्यावर आता पिकं घेता येणार' अशी बातमी दर दोन-चार वर्षांनी येते आणि विदर्भाच्या खारपाणपट्ट्यातून हमखास विचारणा होते : आमच्याकडे कधी? त्याआधी टोमॅटोच्या एका रानटी भावंडाची ओळख करून घेऊ.

गालापागोस बेटांवर अगदी समुद्रकाठीही एक टोमॅटो उगवतो. फळं बोराएवढी, पिवळसर केशरी. टोमॅटोचे अभ्यासक चार्ल्स रिक यांनी त्याचं बी कॅलिफोर्नियात आणून पेरलं, पण ते धड रुजेना. मग शंका आली ती तिथल्या राक्षसी कासवांवर. रॉबर्ट बोमन या पक्षिशास्त्रज्ञाच्या मदतीने कासवांना ही फळं खाऊ घातली आणि विष्ठेतून बी गोळा केलं. बी बाहेर पडायला आठवडा-दोन आठवडे, कधी त्याहून जास्त लागत (कासवाचं पचनही कासवाच्याच चालीने!). ते बी मात्र झकास रुजलं. 1961 साली दोघांनी हे प्रसिद्ध केलं.

1976मध्ये रश आणि एपस्टाइन या शास्त्रज्ञांनी या टोमॅटोची परीक्षा घेतली. समुद्राइतक्या खाऱ्या द्रावणातही तो तगला. बाजारी टोमॅटो बहुतेक निम्म्यावरच हरले. बाजारी वाण मिठातल्या सोडियमला पानांपर्यंत पोचू न देण्याची धडपड करतं. रानटी भावंड ते खुशाल आत घेतं. आपण अडगळ माळ्यावर टाकतो, तसं पेशीतल्या रिक्तिकेत, म्हणजे साठवणीच्या पिशवीत, कोंडलं की सोडियम पेशीचं काम चालवणाऱ्या विकरांना (एन्झाइम्सना) छळत नाही, उलट खाऱ्या मातीतून पाणी ओढायला कामी येतं.

2001 साली ब्लुमवाल्ड आणि झांग या शास्त्रज्ञांनी सोडियम रिक्तिकेत ढकलणारं एक जनुक टोमॅटोत घातलं. समुद्राच्या सुमारे दोन-पंचमांश खारेपणात झाडाला फळं धरली, मीठ पानांतच राहिलं. जगभर मथळे झळकले. पण काचगृहातलं मीठ मोजूनमापून दिलेलं असतं. शेतात ते पावसाने उतरतं, उन्हाने चढतं, सोबत पाणथळपणा किंवा दुष्काळ आणतं. शिवाय मीठ उपसायला ऊर्जा लागते, ती वाढीतून वजा होते. झाड तगलं म्हणजे पीक आलं असं नव्हे, आणि मथळे नेमकं हेच गाळतात.

प्रत्यक्ष शेतात पारखलेलं पीक मात्र आपल्याकडेच आहे. गोव्याच्या खाजन (खाडीकाठच्या, बांध घातलेल्या) शेतांत बांध फुटून खारं पाणी शिरलं तरी तग धरणारा कोरगुट भात शेतकऱ्यांनी पिढ्यान् पिढ्या जपला. परकं जनुक न घालता, निव्वळ त्यातून निवड करून 'गोवा धान 1' आणि '2' ही वाणं तयार झाली. त्यांची बातमी पहिल्या पानावर आल्याचं मला तरी आठवत नाही.