पत्रादेवीचे हुतात्मा स्मारक

सिंधुदुर्ग जिल्ह्यातील बांदे मागे टाकून गोव्याच्या पेडणे महालात शिरताना पत्रादेवीचा नाका लागतो. तेथे गाड्यांची जी झडती होते ती बहुतांशी स्वस्त मद्याच्या बाटल्यांसाठी. आणि या अबकारी धांदलीत तेथील गोवा-सत्याग्रहींच्या हुतात्मा स्मारकाकडे प्रवाशांचे लक्ष जात नाही, यात नवल नसले तरी विषाद वाटावा असे पुष्कळ आहे.

१९४७ साली इंग्रज गेले, पण १५१० पासून ठाण मांडून बसलेले पोर्तुगीज हलले नाहीत; उलट १९५१ साली पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याच्या राजवटीने घटनेत दुरुस्ती करून गोवा हा पोर्तुगालचा सागरपार प्रांत ठरविला, आणि पेडण्याची गावशीव कागदोपत्री परराष्ट्राची सरहद्द होऊन बसली. ही सरहद्द मुळी मानायचीच नाही, अशा निर्धाराने पुण्याच्या गोवा विमोचन सहायक समितीने सत्याग्रहींच्या तुकड्या धाडण्यास आरंभ केला. १८ मे १९५५ रोजी गेलेल्या पहिल्या तुकडीत नानासाहेब गोरे आणि वृद्ध सेनापती बापट होते. पुढे १५ ऑगस्टला निरनिराळ्या वाटांनी हजारो निःशस्त्र माणसे एकाच दिवशी आत शिरली, तेव्हा पोर्तुगीज शिपायांनी गोळ्या झाडल्या आणि वीसहून अधिक सत्याग्रही ठार झाले. पोर्तुगीज दप्तरी हे सारे घुसखोर. स्वतःच्या मते मात्र ते आपल्याच मुलखात चालले होते.

मला विशेष वाटते ते हे की, यांतील कितीकांचा गोव्याशी घरोब्याचा संबंध नव्हता. पत्रादेवीला पडलेला कर्नैलसिंग हा लुधियाना जिल्ह्यातल्या ईसडू गावचा तरुण. त्या दिवशीच्या हुतात्म्यांत पनवेलचे हिरवे गुरुजी होते, उज्जैनचे राजाभाऊ महाकाळ होते. सागरकडच्या सहोद्राबाई राय गोळ्या लागूनही वाचल्या व १९५७ साली लोकसभेत गेल्या.

या रक्तपातानंतर नेहरू सरकारने सामुदायिक सत्याग्रहास मनाई केली. निःशस्त्रांना बंदुकीपुढे पाठवू नये हा विचार चुकीचा नव्हे. परंतु महाराष्ट्रात त्यावर जो संताप उसळला, तोही अनाठायी म्हणता येत नाही. सत्याग्रह थांबवून दुसरा निर्णायक उपाय योजला गेला नाही, आणि १९ डिसेंबर १९६१ रोजी भारतीय सैन्याने गोवा मुक्त करीपर्यंत सहा वर्षांहून अधिक काळ पोर्तुगीज अंमल तसाच चालू राहिला.