पेठेतल्या चेंडूपासून देशाच्या संघापर्यंत : अनिकेत जाधवची वाटचाल काय सांगते?

गडमुडशिंगी (ता. करवीर) - विमानतळाच्या विस्तारीकरणामुळे गेली काही वर्षे चर्चेत असलेल्या या गावापासून कोल्हापूरचे शाहू स्टेडियम फार दूर नाही. फुटबॉलचा हंगाम सुरू झाला, की शहराबरोबरच भोवतालच्या गावांनाही त्याचे वारे लागते. गल्लीबोळांत चेंडू उडू लागतात आणि त्याबरोबर पालकांच्या मनात जुनाच प्रश्न डोके वर काढतो. पोरगे खेळते चांगले, पण या खेळावर त्याचे पोट भरेल काय? या प्रश्नाचे उत्तर शोधताना कोल्हापूरच्याच अनिकेत जाधव या फुटबॉलपटूची कारकीर्द तपासून पाहणे उद्बोधक ठरते.

तालमीचे वेड आणि तिची मर्यादा

कोल्हापुरात फुटबॉल रुजला तो राजघराण्याच्या आश्रयाने आणि वाढला तो पेठांमधील तालमींच्या अभिमानावर. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल, प्रॅक्टिस क्लब, शिवाजी तरुण मंडळ ही नावे येथे केवळ संघांची नाहीत. त्यांच्यामागे अख्खी पेठ उभी असते. महाराष्ट्रात अन्यत्र क्वचितच आढळणारी ही गर्दी आणि ही चुरस हे या शहराचे वैभव आहे. मात्र तालमीकडून खेळणारा बहुसंख्य खेळाडू हा हौशी असतो. त्याला मान मिळतो, चषक मिळतो, पण वर्षभराचे वेतन व करार मिळत नाही. व्यावसायिक फुटबॉलचा दरवाजा शहराबाहेर उघडतो आणि तोही कोवळ्या वयातच. अनिकेतच्या बाबतीत नेमके हेच घडले.

रिक्षाचालकाचा मुलगा

१३ जुलै २००० रोजी कोल्हापुरात जन्मलेल्या अनिकेतचे वडील रिक्षाचालक. अकादमीचा खर्च झेपावा अशी घरची परिस्थिती नव्हती. अशा मुलांसाठी राज्य शासनाची क्रीडा प्रबोधिनी ही निवासी योजना उपयोगी पडते. शारीरिक क्षमतेच्या चाचण्यांतून निवड झालेल्या मुलांच्या निवासाची, भोजनाची, शिक्षणाची आणि प्रशिक्षणाची जबाबदारी शासन उचलते. या योजनेतून अनिकेत पुण्याला गेला. पुढे पुणे एफसीच्या अकादमीत त्याच्या खेळाला व्यावसायिक शिस्त लाभली.

ऑक्टोबर २०१७ मध्ये १७ वर्षांखालील मुलांची विश्वचषक स्पर्धा भारतात झाली. फुटबॉलच्या कोणत्याही विश्वचषक स्पर्धेत भारताचा संघ उतरण्याची ती पहिलीच वेळ. दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू स्टेडियमवर भारताने अमेरिका (०-३), कोलंबिया (१-२) आणि घाना (०-४) यांच्याशी सामने खेळले. तिन्ही सामने गमावले, तरी लुईस नॉर्टन डी मातोस यांच्या मार्गदर्शनाखालील या संघाने देशाचे लक्ष वेधून घेतले. त्या संघात अनिकेत आघाडीचा खेळाडू होता.

पुढची पायरी अवघड

कुमार गटात चमकलेले अनेक खेळाडू पुढे दिसेनासे होतात, कारण त्या वयात त्यांना मोठ्या क्लबांत प्रत्यक्ष खेळण्यास मिळत नाही. ही उणीव भरून काढण्यासाठी अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने २०१७ मध्ये 'इंडियन अॅरोज' हा तरुण भारतीय खेळाडूंचा संघ पुन्हा आय-लीगमध्ये उतरवला. नोव्हेंबर २०१७ मध्ये गोव्यात झालेल्या पहिल्याच सामन्यात या संघाने चेन्नई सिटीला ३-० असे नमवले. त्यातील दोन गोल अनिकेतचे होते.

ऑगस्ट २०१८ मध्ये मात्र त्याला या खेळाची दुसरी बाजूही पाहावी लागली. स्पेनमधील कोटिफ स्पर्धेत २० वर्षांखालील भारतीय संघाने अर्जेंटिनाला २-१ असे हरवून खळबळ उडवली. त्या सामन्यात ५४व्या मिनिटाला लाल कार्ड मिळाल्याने अनिकेतला मैदान सोडावे लागले. भारताचा विजयी ठरलेला दुसरा गोल झाला, तेव्हा मैदानावर दहाच भारतीय खेळाडू होते. याच काळात पुण्याच्या व्यंकीज समूहाच्या मालकीच्या इंग्लंडमधील ब्लॅकबर्न रोव्हर्स क्लबमध्ये सराव करण्याची संधीही त्याला मिळाली.

जागा बदलली, भूमिका बदलली

२०१९ मध्ये जमशेदपूर एफसीने त्याला करारबद्ध केले आणि तो इंडियन सुपर लीगमध्ये दाखल झाला. येथे भारतीय आघाडीपटूंची एक अडचण असते. गोल करण्याची मधली जागा बहुतेक क्लब परदेशी खेळाडूंना देतात. त्यामुळे भारतीय आघाडीपटूला कडेने चेंडू पुढे नेणारा 'विंगर' व्हावे लागते. वेग, सहकाऱ्याला अचूक पास आणि मागे धावून बचावाला मदत, अशी तिहेरी कामगिरी त्याच्याकडून अपेक्षित असते. अनिकेतने ही भूमिका आत्मसात केली.

२०२१-२२ च्या हंगामापासून मैदानावर एका वेळी किमान सात भारतीय खेळाडू असण्याचा नियम लागू झाला. त्याच हंगामात अनिकेत हैदराबाद एफसीमध्ये आला. २० मार्च २०२२ रोजी गोव्यातील फातोर्डा येथे झालेल्या अंतिम सामन्यात हैदराबादने केरला ब्लास्टर्सला पेनल्टींवर ३-१ असे हरवून प्रथमच विजेतेपद पटकावले. त्याच महिन्यात बहारीनमधील मैत्रीपूर्ण सामन्यांच्या दौऱ्यात अनिकेतने देशाच्या वरिष्ठ संघात पदार्पण केले. त्यानंतर त्याने ईस्ट बंगाल आणि ओडिशा एफसी या संघांचीही जर्सी परिधान केली.

करार असतो, खात्री नसते

या वाटचालीत पालकांनी ध्यानात घ्यावे असे पुष्कळ आहे. पुण्याचा एफसी पुणे सिटी हा क्लब २०१९ मध्ये बंद झाला आणि त्याची जागा हैदराबाद एफसीने घेतली. विजेता ठरलेला हैदराबादही पुढे आर्थिक संकटात सापडला. इंडियन अॅरोज २०२२ मध्ये गुंडाळण्यात आला. जुलै २०२५ मध्ये तर महासंघ व आयोजक कंपनी यांच्यातील कराराच्या वादामुळे इंडियन सुपर लीगचा नवा हंगामच स्थगित करण्यात आला आणि त्यानंतर काही क्लबांनी वेतन थांबवल्याचे जाहीर केले. खेळाडूचे पाय शाबूत असले, तरी त्याचा क्लब शाबूत राहीलच असे नाही.

म्हणूनच 'पोट भरेल काय' या प्रश्नाचे उत्तर 'होय' असले, तरी ते सरसकट लागू होणारे नाही. रिक्षाचालकाचा मुलगा देशाकडून खेळू शकतो, हे अनिकेतने सिद्ध केले. पण त्यासाठी वेळीच निवड चाचणी द्यावी लागली, घर सोडावे लागले आणि पुन्हा पुन्हा नव्या शहरात स्वतःला सिद्ध करावे लागले. गुणवान मुलाला मैदानापासून तोडू नये, तसेच त्याची शाळाही सुटू देऊ नये. कोल्हापूरची माती खेळाडू घडवते. त्याला कोल्हापुरातच करार देणारा क्लब जोपर्यंत उभा राहत नाही, तोपर्यंत गडमुडशिंगीच्या मुलालाही हीच लांबची वाट चालावी लागेल.