नेपाळला गाडीने जाताना

गेल्या दिवाळीनंतर, तुळशीचं लग्न आटोपल्यावर, आमच्या गटांतल्या अठरा जणी नेपाळला जाऊन आल्या. तेव्हापासून जिथे बैठकीला जावं तिथे बायका विचारतात, "ताई, परदेशात बायका-बायका कशा गेलात? भीती नाही वाटली?" वाटली की! पण भीती कशाची बाळगायची आणि कशाची नाही, हे आम्हाला वाटेत कळलं. तेच आज सांगतो.

सगळ्यात आधी कागद. नेपाळला जायला आपल्याला व्हिसा लागत नाही. पासपोर्ट किंवा निवडणुकीचं ओळखपत्र पुरतं. पण आधार कार्ड चालत नाही! पंधरा वर्षांखालची मुलं आणि पासष्टच्या वरच्या आजी-आजोबांना दुसरं फोटोचं ओळखपत्र चालतं, मधल्या वयाच्यांना नाही. आम्ही तीन महिने आधी बैठकीत कार्डं मागितली, तेव्हा खरी गोष्ट उघडी पडली. चार जणींचं मतदान कार्ड अजून माहेरच्या पत्त्यावर होतं. दोघींची कार्डं मालकांच्या पेटीत, आणि एकीचं तर काढलेलंच नव्हतं. पत्ता बदलायला फॉर्म ८, नवीन नावासाठी फॉर्म ६. गावातल्या बीएलओकडे खेटे घालून ती कामं झाली. सहल झाली नसती तरी एवढं काम झालं याचं समाधान होतं.

गोरखपूरपर्यंत आम्ही रेल्वेने गेलो. तिथून मिनी बस ठरवली. सुमारे शंभर किलोमीटरवर सुनौलीची सीमा आहे. आपली गाडी पलीकडे न्यायची तर तिथे जकातीचा परवाना काढावा लागतो, त्याला ते 'भन्सार' म्हणतात. जितके दिवस गाडी राहणार तितक्या दिवसांचे पैसे. इथे एक मेख आहे. त्यांचं सरकारी कामकाज विक्रम संवताने चालतं आणि तारखेला ते 'गते' म्हणतात. परवान्यावरची तारीख आपल्या कॅलेंडरशी जुळत नाही. म्हणून शेवटचा दिवस आपल्याकडचा कुठला, हे खिडकीवरच विचारून वहीत लिहून घ्या. मुदत उलटली तर दंड बसतो.

घड्याळ पंधरा मिनिटं पुढे करा. शनिवारी तिथे सुट्टी असते. आपलं सिम रोमिंगशिवाय चालत नाही. आम्ही दोघींच्या फोनमध्ये तिथलं सिम घातलं.

पैशाचा हिशेब गटातल्या बायकांना लगेच जमला. आपले शंभर म्हणजे त्यांचे एकशेसाठ, हा दर ठरलेला आहे. दुकानदार भाव सांगतो तेव्हा आधी विचारायचं, "आयसी की एनसी?" आयसी म्हणजे भारतीय रुपये, एनसी म्हणजे नेपाळी. पहिल्याच दिवशी आमच्या एका काकूंनी एकशेसाठ एनसीची माळ एकशेसाठ आयसी देऊन घेतली. साठ रुपये गेले, पण पुढे सगळ्या शहाण्या झाल्या. जवळ शंभरच्या नोटा ठेवल्या म्हणजे अडत नाही.

आणि पाट्या! नेपाळी भाषा आपल्यासारखीच देवनागरीत लिहितात. सातवीपर्यंत शिकलेल्या आमच्या मावशी खिडकीशी बसून पाट्या वाचायच्या. 'खानेपानी' म्हणजे पिण्याचं पाणी, 'प्रहरी' म्हणजे पोलीस, 'औषधि पसल' म्हणजे औषधांचं दुकान. घाटात एक पाटी दिसली, 'बिस्तारै हाँक्नुहोस्'. मावशी म्हणाल्या, "अगं, हळू हाका म्हणतायत!" आपण बैलगाडी हाकतो, तोच शब्द. त्या दिवसापासून ड्रायव्हरने वेग वाढवला की अठरा जणी एका सुरात ओरडायच्या, "बिस्तारै!"

सुनौलीहून पोखऱ्याला सिद्धार्थ राजमार्गाने गेलो. अंतर १८१ किलोमीटर. आपल्याकडे चार तासांचा रस्ता म्हणू, पण तिथे वळणावळणाने अख्खा दिवस लागला. अंतर किलोमीटरमध्ये नाही, तासांत मोजायचं, हा डोंगरातला पहिला नियम.

आता मुख्य गोष्ट. पोखऱ्याहून काठमांडू सुमारे दोनशे किलोमीटर. ज्याने सहल ठरवून दिली होती त्याचा निरोप आला, जेवण करून रात्रीच निघा, पहाटे पोहोचाल, एका मुक्कामाचा खर्च वाचेल. आमचा ड्रायव्हर आदल्या दिवशीही दिवसभर गाडी चालवून आणि त्या दिवशी पहाटेपासून आम्हाला फिरवून दमलेला. याच रस्त्यावर तनहुँ जिल्ह्यात २३ ऑगस्ट २०२४ रोजी आपल्या जळगाव जिल्ह्यातल्या यात्रेकरूंची बस मर्स्यांग्दी नदीत कोसळली. पंचवीसहून जास्त माणसं गेली. त्यांत आपल्यासारख्याच बायाबापड्या होत्या, देवदर्शनाला निघालेल्या.

आम्ही लॉजच्या अंगणात गोल करून बसलो, गटाची बैठक बसते तशी. कुणी म्हणालं, ठरवलंय तसं जाऊ, त्यांना जास्त कळतं. कुणी म्हणालं, जास्तीचे पैसे कोण देणार? मग हात वर करून मत घेतलं. सोळा जणी थांबायचं म्हणाल्या. मुक्कामाचे माणशी ४८० एनसी, म्हणजे आपले ३०० रुपये. निरोप्या फोनवर चिडला. पण आम्ही त्याला निम्मेच पैसे दिले होते, उरलेले परत आल्यावर द्यायचे होते. त्यामुळे त्याला ऐकावं लागलं. ड्रायव्हरदादा मात्र काही न बोलता झोपायला गेला. सकाळी चहा घेताना म्हणाला, "दीदी, अच्छा किया."

दिवसाउजेडी त्या रस्त्याने जाताना एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला खोल नदी. मर्स्यांग्दीच्या काठाने जाताना गाडीत कुणी बोललं नाही. ज्या दोघींनी रात्री निघायला मत दिलं होतं, त्यांतल्या एकीने हात जोडले.

मैत्रिणींनो, जाणार असाल तर एवढं वहीत लिहा. पावसाळ्यात, म्हणजे आषाढ ते भाद्रपद, जाऊ नका, दरडी कोसळतात. कार्तिक-मार्गशीर्ष बरा. अंधारात डोंगरात गाडी नको. लांबच्या वाटेला दोन ड्रायव्हर मागा, नाहीतर एकाला पुरती झोप मिळेल असे मुक्काम ठरवा. सगळे पैसे आधी देऊ नका. ओळखपत्र स्वतःच्या कमरेच्या पिशवीत, झेरॉक्स मैत्रिणीकडे. तिथे पोलिसांचा नंबर १००, रुग्णवाहिका १०२. काठमांडूतल्या भारतीय दूतावासाचा नंबर निघण्यापूर्वी घ्या आणि घरी पण देऊन ठेवा. सहलीसाठी गटाचं कर्ज काढू नका. आम्ही दोन वर्षं वेगळी पुरचुंडी बांधली होती.

गटात आपण दहा रुपयांचाही हिशेब विचारतो. मग आपल्या जिवाचा निर्णय दुसऱ्याच्या हाती का द्यायचा? पुढच्या बैठकीत एक काम करा. सगळ्यांची मतदान कार्डं बघा. कुणाचं कुठल्या पत्त्यावर आहे, कुणाच्या पेटीत आहे. सहल होईल तेव्हा होईल, तयारी तिथूनच सुरू होते.