चौसष्ट घरांची संख्या

बुद्धिबळाच्या पटाची कथा आमच्या वाचकांस ठाऊक असेलच. पहिल्या घरांत एक दाणा, दुसऱ्यांत दोन, तिसऱ्यांत चार, याप्रमाणें दुप्पट करीत चौसष्ट घरें भरलीं म्हणजे एकंदर १,८४,४६,७४,४०,७३,७०,९५,५१,६१५ दाणे होतात. भास्कराचार्यांनीं लीलावतींत परार्धापर्यंत अठरा स्थानांचीं नांवें दिलीं आहेत. ही संख्या वीस अंकी, म्हणजे १८४ परार्धांहूनही अधिक! एवढ्यानें थक्क होऊन न थांबतां ती आंतून कशी घडली आहे हें पाहावें, अशी आमची वाचकांस विनंति आहे.

आरंभीं पटाबाहेरचा एक दाणा हातीं घ्यावा. तो पहिल्या घरांतील दाण्यास मिळविला कीं दोन होतात; ते दुसऱ्या घरांतील दोहोंस मिळविले कीं चार; असें शेवटपर्यंत दुप्पटच होत जातें. म्हणून पटावरील दाणे दोहोंच्या चौसष्टाव्या घाताहून एकानें कमी.

हा घात करण्याची युक्ति पिंगलाच्या छंदःशास्त्रांत आहे. लघु व गुरु यांचे तीन अक्षरांत आठ गण होतात. तसे चौसष्ट अक्षरांत किती प्रकार होतील, हा प्रश्न आणि आपला प्रश्न एकच. अक्षरसंख्या सम असेल तेथें तिचें अर्ध करावें आणि उलट येतांना त्या जागीं वर्ग करावा, असें पिंगल सांगतो. २, ४, १६, २५६, ६५,५३६, ४,२९,४९,६७,२९६; आणखी एक वर्ग केला कीं काम झालें. त्रेसष्ट वेळां दुप्पट करण्याऐवजीं सहा वर्ग पुरतात.

आतां अवयव पाहूं. दोन वर्गांचें अंतर म्हणजे मूळ राशींची बेरीज गुणिलें वजाबाकी, हा शाळेंतील नियम पुनःपुन्हां लाविला असतां आपली संख्या ३, ५, १७, २५७, ६५,५३७ आणि ४,२९,४९,६७,२९७ यांचा गुणाकार आहे असें दिसतें. यांपैकीं पहिल्या पांच मूळसंख्या, म्हणजे १ व स्वतः यांवांचून कशानेंही निःशेष न भागल्या जाणाऱ्या. फ्रान्समधील थोर गणितज्ञ फर्मा यानें १६४० च्या सुमारास असें मत दिलें कीं, या मालिकेंतील सर्वच संख्या मूळ आहेत. सिद्धता मात्र त्यानें दिली नव्हती. १७३२ सालीं ऑयलर यानें दाखविलें कीं, सहावी संख्या ६४१ आणि ६७,००,४१७ यांचा गुणाकार आहे. ज्यास भागाकार येतो अशा कोणत्याही मुलानें कागद घेऊन हें पडताळून पाहावें. ६४१ ही ६२५ व १६ यांची बेरीज असून १२८ च्या पांचपटीहून एकानें अधिक आहे. एवढ्यावरून भागाकार न मांडतांही हें सिद्ध होतें. ती सिद्धता आम्ही तरुण वाचकांवर सोंपवितों.

आपल्या शास्त्रांत आप्तवाक्य हें प्रमाण मानिलें आहे. गणितांत मात्र फर्मासारख्या आप्ताचें वाक्यही एका भागाकारापुढें टिकलें नाहीं. त्या मालिकेंत ६५,५३७ च्या पुढें एकही मूळसंख्या आजवर सांपडलेली नाहीं. आणि ती असणारच नाहीं, असेंही कोणीं सिद्ध केलेलें नाहीं.