उणे पंधरापासून सुरुवात

लीड्स युनायटेडची घसरण, वजा गुणांचा हंगाम आणि पाठीराख्यांपुढचा पेच

इंग्लंडमधील लीड्स हे शहर मराठी वाचकाला परिचित आहे ते क्रिकेटमुळे. 1986 मध्ये याच शहरातील हेडिंग्ले मैदानावर दिलीप वेंगसरकर यांनी 61 आणि नाबाद 102 धावा करून भारताला कसोटी जिंकून दिली होती. 1992 मध्ये सचिन तेंडुलकर यॉर्कशायर कौंटीचा पहिला परदेशी खेळाडू झाला आणि 2002 मध्ये त्याच हेडिंग्लेवर त्याने 193 धावांची खेळी केली. मात्र खुद्द लीड्समधील सामान्य माणसाचा जीव गुंतलेला असतो तो शहराच्या दक्षिणेकडील एलंड रोड या मैदानात. तेथे लीड्स युनायटेड हा फुटबॉल क्लब खेळतो. लंडन, मँचेस्टर, लिव्हरपूल या शहरांत पाठीराखे दोन किंवा अधिक क्लबांत विभागले गेले आहेत. लीड्सला मात्र व्यावसायिक फुटबॉलचा एकच क्लब आहे, त्यामुळे त्याच्या सुखदुःखात सारे शहर वाटेकरी असते.

या क्लबने 2007-08 चा हंगाम उणे 15 गुणांनी सुरू केला. इंग्लिश फुटबॉलमध्ये अशी शिक्षा विरळाच होती. ती का झाली, संघाची पुनर्बांधणी कशी झाली आणि त्या काळात पाठीराख्यांमध्ये कोणते वाद झडले, हे पाहिले तर व्यावसायिक फुटबॉलच्या अर्थकारणाचा बराच उलगडा होतो.

उधारीवरचे वैभव

लीड्स युनायटेडची स्थापना 1919 ची. 1961 ते 1974 या काळात डॉन रेव्ही यांच्या व्यवस्थापनाखाली या क्लबने दोन वेळा इंग्लंडचे विजेतेपद मिळवले. तिसरे विजेतेपद 1992 मध्ये, हॉवर्ड विल्किन्सन व्यवस्थापक असताना लाभले. त्याच वर्षी प्रीमियर लीगचा जन्म झाला आणि दूरचित्रवाणीच्या पैशाने इंग्लिश फुटबॉलचा चेहरामोहरा बदलला.

नव्या युगात अग्रभागी राहायचे, तर युरोपातील चॅम्पियन्स लीगमध्ये दरवर्षी स्थान मिळायला हवे, असे गणित तेव्हाचे अध्यक्ष पीटर रिड्सडेल यांनी मांडले. त्यासाठी उत्तम खेळाडू हवेत आणि खेळाडूंसाठी पैसा हवा. 2000 च्या नोव्हेंबरमध्ये रिओ फर्डिनंडला 1 कोटी 80 लाख पौंड मोजून आणण्यात आले. तो तेव्हाचा ब्रिटिश विक्रम होता. पुढील अनेक वर्षांच्या तिकीटविक्रीचे उत्पन्न तारण ठेवून 6 कोटी पौंडांचे कर्जही उभारण्यात आले. 2001 मध्ये संघ चॅम्पियन्स लीगच्या उपान्त्य फेरीत पोहोचला, तेव्हा हे गणित बरोबर असल्याचेच सर्वांना वाटले.

परंतु त्या हंगामात संघ प्रीमियर लीगमध्ये चौथा आला. तेव्हा पहिल्या तिघांनाच चॅम्पियन्स लीगचे दार उघडे होते. पुढील वर्षी पाचवा क्रमांक आला. चॅम्पियन्स लीगमधून येणारे उत्पन्न थांबले. कर्जाचे हप्ते आणि खेळाडूंचे पगार मात्र थांबले नाहीत. 2002 मध्ये फर्डिनंड मँचेस्टर युनायटेडला विकला गेला. त्याच्यापाठोपाठ रॉबी कीन, रॉबी फाउलर, जोनाथन वुडगेट गेले. देणी 10 कोटी पौंडांच्या घरात पोहोचली. अध्यक्षांच्या कार्यालयातील शोभेच्या माशांसाठीही क्लब भाडे मोजत होता, ही गोष्ट तेव्हा वृत्तपत्रांतून गाजली आणि उधळपट्टीची खूण म्हणून लोकांच्या लक्षात राहिली.

2004 मध्ये संघ प्रीमियर लीगमधून खाली आला. लीड्समध्येच वाढलेला, प्रेक्षकांचा लाडका ॲलन स्मिथ त्याच उन्हाळ्यात कट्टर प्रतिस्पर्धी मँचेस्टर युनायटेडमध्ये गेला, तो घाव पाठीराख्यांच्या फार जिव्हारी लागला. वर्षअखेरीपर्यंत एलंड रोड मैदानही विकले गेले. स्वतःच्याच मैदानावर क्लब भाडेकरू झाला.

प्रशासक म्हणजे नेमके काय?

प्रीमियर लीगमधून खाली आलेल्या संघांना उत्पन्नाचा खड्डा भरून काढण्यासाठी काही काळ सवलतीची रक्कम मिळते. लीड्स खाली आला, तेव्हा ती दोन हंगाम मिळत असे. या मुदतीत परत वर जाणे आवश्यक होते. 2006 मध्ये लीड्स प्ले-ऑफच्या अंतिम सामन्यापर्यंत गेला, पण वॉटफर्डकडून 0-3 असा हरला. त्यानंतर उत्पन्न आटले आणि 2006-07 मध्ये संघ दुसऱ्या श्रेणीच्या तळाला गेला. 4 मे 2007 रोजी, हंगामाचा एकच सामना शिल्लक असताना, क्लब प्रशासकाच्या हवाली करण्यात आला.

सहकारी बँकेवर किंवा साखर कारखान्यावर प्रशासक नेमला जाणे महाराष्ट्राला नवे नाही. ब्रिटनमधील पद्धत थोडी वेगळी आहे. तेथे प्रशासक हा सरकारी अधिकारी नसून परवानाधारक व्यावसायिक असतो. धनकोंच्या तगाद्यापासून कंपनीला तात्पुरते संरक्षण मिळते आणि तेवढ्या अवधीत ती चालू स्थितीत विकून धनकोंना शक्य तितके पैसे मिळवून देणे हे त्याचे काम असते. थकबाकीच्या मूल्यानुसार 75 टक्के धनकोंनी मान्यता दिली, तर कर्जाचा अल्पांश देऊन बाकीचे माफ करून घेण्याची तडजोड होऊ शकते.

फुटबॉलमध्ये या कायद्याला आणखी एक पदर आहे. ‘फुटबॉल धनको’ म्हणजे खेळाडू आणि अन्य क्लब यांची देणी पूर्ण चुकती केली पाहिजेत, असा लीगचा नियम आहे. उरलेल्यांच्या, म्हणजे प्राप्तिकर खात्याच्या, छपाईवाल्याच्या, खाद्यपदार्थ पुरवणाऱ्याच्या वाट्याला तेव्हा पौंडामागे काही पेन्सच येत. 2003 पर्यंत ब्रिटिश करखात्याला दिवाळखोरीच्या प्रकरणांत अग्रहक्क होता. तो गेल्यावर करखाते सामान्य धनकोंच्या रांगेत आले, आणि लक्षावधी पौंड कमावणाऱ्या खेळाडूला पूर्ण पैसे मिळत असताना सरकारी तिजोरीने मात्र पाणी सोडावे, हे त्याला मान्य होईना.

लीड्सच्या तडजोडीने 75 टक्क्यांची रेषा जेमतेम ओलांडली. करखात्याने तिला न्यायालयात आव्हान दिले. हंगाम तोंडावर आलेला असल्याने प्रशासकांनी तडजोड सोडून दिली आणि क्लब थेट विकला. खरेदीदार पुन्हा केन बेट्स यांचाच गट होता. तेच 2005 पासून क्लबचे सूत्रधार होते.

दोन शिक्षा

प्रशासक नेमला गेला, की 10 गुणांची कपात, असा फुटबॉल लीगचा तेव्हाचा नियम होता. लीड्सला ती 2006-07 मध्येच झाली. पण तोवर संघाची पदावनती जवळपास निश्चित झाली होती, त्यामुळे त्या शिक्षेची झळ बसली नाही. ही पळवाट असल्याची टीका झाली आणि पुढे लीगने नियम बदलून ती बुजवली. दुसरा मुद्दा तडजोडीचा. प्रशासकाच्या ताब्यातून बाहेर पडताना धनकोंशी मान्य तडजोड झालेली असावी, अशी लीगची अट होती. ती पूर्ण न झाल्याने लीगने ‘अपवादात्मक परिस्थिती’ म्हणून सदस्यत्व दिले आणि त्याची किंमत म्हणून 15 गुण आगाऊ कापले. क्लबने दाद मागितली, तेव्हा निर्णय सोपवला गेला तो लीगमधील इतर क्लबांकडे. त्यांनी शिक्षा कायम ठेवली.

लीड्सच्या पाठीराख्यांचा खरा संताप येथे होता. ज्यांच्याशी गुणांसाठी झुंजायचे, त्यांनीच न्यायाधीशाच्या आसनावर बसावे, हा कोणता न्याय, असा त्यांचा प्रश्न होता. याउलट, पैसे वेळेवर चुकते करून काटकसरीने संघ चालवणाऱ्या लहान क्लबांचे चाहते विचारत होते की, कर्ज बुडवणारा आणि न बुडवणारा एकाच रेषेवरून धावणार असतील, तर प्रामाणिकपणाला अर्थ काय? दोन्ही प्रश्नांत तथ्य होते. म्हणूनच हा वाद त्या हंगामानंतरही मिटला नाही.

मैदानावरची पुनर्बांधणी

क्लबच्या इतिहासात प्रथमच तिसऱ्या श्रेणीत, म्हणजे ‘लीग वन’मध्ये, खेळण्याची वेळ आली होती. सदस्यत्वाचा निर्णय लांबल्याने हंगाम आठवड्यावर येईपर्यंत नवे खेळाडू नोंदवणेही शक्य नव्हते. व्यवस्थापक डेनिस वाइझ आणि त्यांचे सहायक गस पोयेट यांनी घाईघाईत संघ जमवला. ॲलन थॉम्पसन, अँड्र्यू ह्यूज, डेव्हिड प्रटन असे अनुभवी खेळाडू, क्लबच्या अकादमीत घडलेला जॉनी हाउसन, आणि आघाडीवर जर्मेन बेकफर्ड. बेकफर्ड हा एके काळी मोटारींच्या काचा बसवण्याचे काम करीत हौशी दर्जाच्या फुटबॉलमध्ये खेळत असे. जेथे फर्डिनंडसाठी 1 कोटी 80 लाख पौंड मोजले गेले, तेथे बेकफर्ड अवघ्या काही हजार पौंडांत आला होता.

11 ऑगस्ट 2007 रोजी ट्रॅनमिअरविरुद्ध अखेरच्या क्षणांत गोल होऊन संघ 2-1 असा जिंकला आणि उणे 15 चे उणे 12 झाले. त्यानंतर साउथएंड, नॉटिंगहॅम फॉरेस्ट, ल्यूटन आणि हार्टलपूल यांना हरवल्यावर खाते शून्यावर आले. आणखी दोन विजय मिळाले. सात सामने, सात विजय आणि जमा फक्त सहा गुण! कापलेल्या गुणांची टर उडवणारी घोषणा प्रेक्षकांनी रचली आणि ती मैदानामैदानांत घुमू लागली. लीगने दिलेल्या शिक्षेने विस्कटलेल्या पाठीराख्यांना एकत्र आणले होते. तिसऱ्या श्रेणीतील या संघाच्या घरच्या सामन्यांना त्या हंगामात सरासरी 26 हजारांहून अधिक प्रेक्षक आले.

ही एकजूट संघापुरतीच होती. मालकाबद्दल मात्र दोन तट होते. बेट्स हे पूर्वी चेल्सीचे अध्यक्ष आणि वाइझ चेल्सीचे कर्णधार. लीड्स आणि चेल्सी यांचे वैर 1960 च्या दशकापासूनचे. बेट्स नसते, तर क्लबच उरला नसता, असे एक गट म्हणत असे. ज्यांच्या कारभारात क्लब प्रशासकाकडे गेला, त्यांनाच तो कर्जमुक्त होऊन परत कसा मिळाला, असे दुसरा गट विचारत असे. मालकी परदेशात नोंदलेल्या कंपन्यांच्या नावे होती, त्यामुळे खरे मालक कोण, हा प्रश्नही अनुत्तरित होता. 2011 मध्ये ब्रिटिश संसदेच्या समितीने याच अपारदर्शकतेवर बोट ठेवले. तिकीट काढावे, तर पैसा मालकाच्या खिशात जातो. न काढावे, तर खेळाडूंच्या पाठीशी कोण उभे राहणार? असा पेच सामान्य पाठीराख्यापुढे दर शनिवारी उभा असे. बहुतेकांनी तिकीट काढले.

जानेवारी 2008 मध्ये वाइझ न्यूकॅसलला गेले आणि 1992 च्या विजेत्या संघातील गॅरी मॅकॲलिस्टर व्यवस्थापक झाले. 1 मे रोजी लवादानेही 15 गुण परत देण्यास नकार दिला. 46 सामन्यांत 27 विजय आणि 10 बरोबरी म्हणजे 91 गुण. कपातीनंतर उरले 76. क्रमांक पाचवा. 91 गुण राहिले असते, तर 92 गुणांच्या स्वॉन्झीपाठोपाठ दुसरा क्रमांक आणि थेट बढती होती. प्ले-ऑफच्या उपान्त्य फेरीत हाउसनने अखेरच्या मिनिटाला गोल करून संघाला तारले. पण 25 मे रोजी वेम्बलीवर 75 हजार प्रेक्षकांसमोर यॉर्कशायरमधलाच लहान शेजारी डॉन्कास्टर 1-0 असा जिंकला.

पुढे काय झाले?

नोव्हेंबर 2008 मध्ये हिस्टन या लीगबाहेरील चिमुकल्या संघानेही एफए कपमध्ये लीड्सला चिखलात लोळवले. मॅकॲलिस्टर गेले, सायमन ग्रेसन आले. जानेवारी 2010 मध्ये बेकफर्डच्या एकमेव गोलवर मँचेस्टर युनायटेडला त्यांच्याच मैदानात हरवून लीड्सने जुने देणे थोडे फेडले आणि त्याच मे महिन्यात तिसऱ्या श्रेणीतून सुटका करून घेतली. मैदान 2017 मध्ये पुन्हा क्लबच्या मालकांकडे आले. मार्सेलो बिएल्सा यांच्या मार्गदर्शनाखाली 2020 मध्ये, 16 वर्षांनी, संघ प्रीमियर लीगमध्ये परतला. 2023 मध्ये तो पुन्हा खाली आला आणि 2025 मध्ये 100 गुणांसह दुसऱ्या श्रेणीचे विजेतेपद घेऊन वर गेला.

लीड्सनंतर पोर्ट्समथ, बरी, डर्बी अशा अनेक क्लबांवर आर्थिक संकटे कोसळली. त्यांपैकी बरीची तर 2019 मध्ये लीगमधूनच हकालपट्टी झाली. ‘फुटबॉल धनको’ नियमाला करखात्याने दिलेले आव्हान 2012 मध्ये उच्च न्यायालयाने फेटाळले. अखेर जुलै 2025 मध्ये ब्रिटिश संसदेच्या कायद्याने फुटबॉलसाठी स्वतंत्र नियामक अस्तित्वात आला. क्लबांना परवाना घ्यावा लागेल, मालकांची पात्रता तपासली जाईल, नियामकाच्या संमतीवाचून मैदान विकता येणार नाही आणि महत्त्वाच्या निर्णयांत पाठीराख्यांचे मत विचारात घ्यावे लागेल, अशा त्यातील तरतुदी आहेत. 2004 मध्ये एलंड रोड विकले गेले, तेव्हा लीड्सच्या चाहत्यांना कोणी काही विचारले नव्हते. हंगामी तिकीट काढून मैदान भरत राहणे, एवढेच त्यांच्या हाती होते आणि तेवढे त्यांनी केले.